एका कॉम्प्युटरची इमेज दुसऱ्यावर चालत नाही तेव्हा काय-काय तपासायचं

दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात शाळांच्या लॅब, टायपिंग इन्स्टिट्यूट आणि सेवा केंद्रांचे कॉम्प्युटर मी बघतो. आमच्याकडे एका खोलीत दहा मशिनी असल्या तर त्या एकसारख्या कधीच नसतात. चार नागपूरहून आणलेल्या जुन्या, कंपन्यांनी वापरून काढलेल्या. तीन कुठल्यातरी योजनेतल्या. दोन गावच्याच कुणी पुण्याहून पाठवलेल्या. एक ऑफिसचा लॅपटॉप. मागणी मात्र सगळीकडे एकच: "भाऊ, सगळ्यांवर सारखंच टाकून द्या."

सारखंच टाकायचं म्हणजे एक मशीन नीट तयार करायची, तिची इमेज, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट पूर्ण नक्कल, काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. इथे नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. एकेका मशीनवर विंडोज, अपडेट, ऑफिस, मराठी कीबोर्ड, प्रिंटर असं टाकत बसलं तर दिवसाला दोन होतात. इमेजने एक मशीन वीस-पंचवीस मिनिटांत होते. म्हणून मी ही पद्धत सोडत नाही. पण वेगळ्या हार्डवेअरवर इमेज उतरवली की तेच ते बिघाड परत परत येतात, आणि बहुतेक जण पहिल्याच निळ्या स्क्रीनला इमेज खराब समजून सगळं पुन्हा करायला घेतात. मी पाहिलेल्या बिघाडांत इमेज खराब असल्याचे फार थोडे होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षणं

लोगो येतो, टिंबं फिरतात, मग निळी स्क्रीन आणि खाली ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. मशीन आपोआप रिस्टार्ट होते, पुन्हा तेच, आणि थोड्या वेळाने ‘ऑटोमॅटिक रिपेअर’वर जाऊन बसते. हे सगळ्यात जास्त दिसतं.

काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा त्याच अर्थाचं काही. डिस्क आहे, त्यावर विंडोज आहे, पण मशीनला ते दिसत नाही.

लोगो येतो आणि कुठलाही संदेश न देता मशीन रिस्टार्ट होते.

विंडोज सुरू होतं, पण अक्षरं मोठी-मोठी दिसतात, आवाज नाही, लॅन नाही, वायफाय नाही.

पहिल्यांदा सुरू होताना ‘द कॉम्प्युटर रिस्टार्टेड अनएक्स्पेक्टेडली’ अशी चौकट येते. ओके दाबलं की पुन्हा तीच.

मूळ मशीनवर सिसप्रेप (इमेज काढण्याआधी मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवतानाच ते अडतं आणि विंडोज इन्स्टॉलेशन व्हॅलिडेट करता आलं नाही असं सांगतं.

सगळं छान चालतं, पण एका मशीनवरून दुसऱ्या मशीनचं शेअर फोल्डर उघडत नाही. पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणतं.

निळ्या पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की मागितली जाते. यातलं हे दिसलं की पुढे काहीही करण्याआधी शेवटचा भाग वाचा.

सगळ्यात आधी: कागद आणि पेन

खोलीतल्या सगळ्या मशिनींचे नंबर कागदावर लिहा. समोर मॉडेल, आणि समोर काय झालं ते. एवढ्याने अर्धं निदान होतं, खर्च शून्य.

सगळ्याच मशिनींवर एकच बिघाड असेल तर दोष इमेजमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये. एकाच मॉडेलच्या सगळ्या अडल्या आणि बाकी चालल्या, तर त्या मॉडेलची बायोस (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) सेटिंग किंवा ड्रायव्हर. एकाच मॉडेलच्या चारपैकी तीन चालल्या आणि एकच अडली, तर इमेजकडे बघूच नका. त्या एका मशीनमध्ये काहीतरी आहे: सेल, केबल, रॅम, डिस्क. तिची रॅम काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने पुसा, साटा केबल बदलून बघा. आमच्याकडे कॅबिनेटमध्ये पालींची अंडी आणि मुंग्यांची वारुळं निघतात, तेव्हा उघडलंच आहे तर ब्लोअरही मारून घ्या.

बोर्डवरचा गोल सेल

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्याच आठवड्यात मला फोन सुरू होतात. एका शाळेच्या मॅडमचा फोन आला, "दादा, सात मशिनी होत्या, तीन चालूच नाही होऊन राहिल्या. निळंच येऊन राहिलं." इमेज मीच दिवाळीनंतर टाकलेली, मार्चपर्यंत पोरं त्यावर बसत होती. कुणी हात लावलेला नाही, तर बिघाड आला कुठून?

पहिल्या मशीनच्या बायोसमध्ये गेलो. वरच्या कोपऱ्यात तारीख कित्येक वर्षं मागची. तिथेच कळलं. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. मशीन प्लगला लागलेली असते तेव्हा बोर्डला स्टँडबाय वीज मिळत राहते आणि सेलवर भार येत नाही. उन्हाळ्यात मेन स्विचच काढून ठेवतात, मग दोन महिने घड्याळ आणि बायोसची मेमरी त्या एका सेलवर. जुन्या बोर्डांवर तो टिकत नाही. सेल संपला की बायोस कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर जातं. या मशिनींची कारखान्यातली साटा सेटिंग (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते) ‘रेड’ होती, आणि मी इमेज टाकली तेव्हा ती ‘एएचसीआय’ केलेली. विंडोज एएचसीआयची सवय घेऊन बसलेलं, खालून कंट्रोलर बदलला, डिस्क सापडेना, निळी स्क्रीन.

नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदला. घड्याळजीकडेही मिळतो, पन्नास रुपयांच्या आत काम होतं. नखाने कडेची पितळी पट्टी मागे ओढली की सेल आपोआप वर येतो, पेचकसाने उचकटू नका. अक्षरांची बाजू वर. बदलल्यावर तारीख लावा आणि साटा सेटिंग परत घाला. त्या दिवशी तिन्ही मशिनी अर्ध्या तासात सुरू झाल्या. आता मी जुन्या मशिनींवर इमेज टाकायच्या आधीच सगळे सेल बदलतो आणि बायोसच्या त्या पानाचा फोटो काढून कॅबिनेटच्या आत चिकटवतो.

बायोसमध्ये साटा कोणत्या मोडवर आहे

वरच्या गोष्टीतलं कारण इथे थोडं खोलात सांगतो, कारण निळ्या स्क्रीनचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. विंडोज सुरू होताना डिस्कचे सगळे ड्रायव्हर उठवत नाही. ज्या कंट्रोलरवर ते बसवलं होतं, त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला उठवतं. इमेज तयार केली ती मशीन एएचसीआयवर आणि ज्या मशीनवर उतरवली ती रेडवर असेल, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही.

दोन्ही मशिनींचा मोड बघा, फोटो काढा, मग दुसरीचा मोड पहिलीसारखा करून सुरू करा. दोन मिनिटांचं काम आहे. चाललं तर प्रश्न मिटला. पण लॅपटॉप असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्यावर एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा, नाहीतर बदल केल्याबरोबर रिकव्हरी की मागेल. आणि मशीनमध्ये दोन डिस्क जोडून खरंच रेड बांधलेलं असेल तर मोड बदलू नका, डेटा हातचा जाईल.

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर याचंच नवं रूप आहे, व्हीएमडी. पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर डिस्कच दिसत नाही. पोरं समजतात एसएसडी गेली. ती ठणठणीत असते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येतं, किंवा इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सुट्या फाइलींच्या रूपात ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवता येतो. मी दुसरा मार्ग घेतो, कारण पुढे कुणी बायोस रीसेट केलं की पहिला मार्ग तुटतो.

आधीपासून चालू असलेल्या मशीनचा मोड बदलायचा असेल तर एक साधी वाट आहे. एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग सेफ बूट काढा. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे बाकीचे ड्रायव्हरही उठवून बघतं, आणि जो लागला तो पुढे लक्षात ठेवतं.

लेगसी की यूईएफआय

‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसलं तर इथे या. जुन्या मशिनी लेगसी पद्धतीने सुरू होतात आणि त्यांच्या डिस्कची मांडणी एमबीआर असते. नव्या यूईएफआयने सुरू होतात आणि त्यांना जीपीटी लागते. आख्ख्या डिस्कची नक्कल केली की ही मांडणीही सोबत येते, आणि अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये लेगसीचा पर्यायच ठेवलेला नाही. मूळ मशीनवर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, ‘बायोस मोड’समोर काय लिहिलंय ते वाचा.

मी इथे बऱ्याच शिकाऊ पोरांना एकाच ठिकाणी चुकताना पाहिलंय. एफ१२ दाबल्यावर जी यादी येते तिच्यात एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एकदा नुसतं कंपनीचं नाव, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’. घाईत वरचा निवडला जातो. लेगसीने सुरू झालेला सेटअप डिस्क एमबीआर करतो, आणि नंतर बायोस यूईएफआयवर असलं की ती डिस्क त्याला दिसत नाही. म्हणून निवडताना बोट ठेवून वाचा.

मूळ मशीन एमबीआर असेल तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाची आज्ञा विंडोजमध्येच आहे. आधी ‘व्हॅलिडेट’ने तपासायचं, मग ‘कन्व्हर्ट’. डेटा न पुसता मांडणी बदलते, तरी बॅकअपशिवाय करू नका.

माझं मत विचाराल तर वेगळ्या हार्डवेअरसाठी आख्ख्या डिस्कची नक्कल घेऊच नका. क्लोनझिला चांगलं साधन आहे, एकसारख्या मशिनी असतील तर मीही तेच वापरतो. पण त्यात मांडणी जशीच्या तशी येते, आणि नेहमीच्या सेटिंगवर समोरची डिस्क निदान मूळ डिस्कएवढी मोठी लागते. ५०० जीबीच्या हार्डडिस्कची इमेज २४० च्या एसएसडीवर उतरत नाही, आत भरलेलं ४० जीबीच असलं तरी. त्यापेक्षा विंडोजच्याच डीआयएसएम या इमेज काढण्या-उतरवण्याच्या आज्ञेने फक्त सी ड्राइव्हची विम फाइल काढा. ती फाइलींची इमेज असते, डिस्कची नाही. समोरच्या मशीनवर हवी तशी मांडणी करायची, विम उतरवायची आणि शेवटी बीसीडीबूटने बूट फाइली नव्याने लिहायच्या. एकच विम लेगसीलाही चालते आणि यूईएफआयलाही.

विम ४ जीबीच्या वर गेली की एफएटी३२ पेनड्राइव्हवर बसत नाही. तिचे तुकडे करा किंवा एनटीएफएस केलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. कॉपी झाल्यावर विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेने दोन्हीकडचा हॅश (फाइलीवरून निघणारा ठशासारखा क्रमांक) जुळवा. बाजारातल्या स्वस्त ६४ जीबी पेनड्राइव्हमध्ये खरी जागा फार कमी निघते, आणि फाइल अर्धी बिघडलेली उतरते.

कुठलाही संदेश न देता रिस्टार्ट होत असेल

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना असाव्याच लागतात. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर ती इमेज सुरूच होणार नाही, कितीही वेळा टाका. डीआयएसएमने इमेज उतरवताना टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा प्रोसेसरची पिढी कुणी तपासत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ उतरतं आणि चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. शाळेला हे स्पष्ट सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. जिथे फक्त टायपिंग आणि ब्राउझर लागतो तिथे मी उबंटू सुचवतो. त्याची इमेज वेगळ्या हार्डवेअरवर सहज चालते, फक्त इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची.

ड्रायव्हर

विंडोज सुरू झालं पण लॅन नाही, ही स्थिती गावात फार त्रासाची असते, कारण ड्रायव्हर डाउनलोड करायलाच नेट लागतं. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं तर बहुतेक वेळा काम निघतं. पण ही वेळच येऊ नये.

त्यासाठी एक सवय लावून घ्या. कुठलीही मशीन पुसण्याआधी, तिच्यावरचं जुनं विंडोज चालू असतानाच, डीआयएसएमच्या ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ने तिचे सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून घ्या. पाच मिनिटं लागतात. फोल्डरला मॉडेलचं नाव द्या. माझ्याकडे अशी तीसेक फोल्डरं आहेत, आणि माझ्या सगळ्या सामानात मी ती सर्वांत जपतो. इमेज उतरवल्यावर, पहिल्यांदा सुरू करण्याआधी, पेनड्राइव्हवरूनच ‘ॲड-ड्रायव्हर’ला ते फोल्डर ‘रिकर्स’सह दाखवायचं. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हरही असाच आत जातो, त्यामुळे निळ्या स्क्रीनवरही हा उपाय चालतो. इथे आयएनएफ फाइलवाले सुटे ड्रायव्हरच लागतात. सेटअपची ईएक्सई फाइल चालत नाही.

सगळ्या मॉडेलचे ड्रायव्हर मूळ इमेजमध्येच कोंबून ठेवू नका. मी दोन वर्षं तेच केलं. इमेज फुगत गेली, आणि एका मॉडेलवर दुसऱ्याच मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसून स्क्रीन काळी पडू लागली. इमेज एक, ड्रायव्हर बाहेर, हेच बरं.

फोल्डर नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर जा, ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ बघा. व्हेंडरच्या पुढचा आकडा ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक, १०२२ असेल तर एएमडी. तो पूर्ण आयडी शोधला की नेमका ड्रायव्हर सापडतो. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं टाकू नका. सोबत काय-काय येतं ते नंतर काढता काढता दिवस जातो.

आता मूळ मशीन आणि सिसप्रेप

इथवर सगळं तपासूनही अनेक मॉडेल अडत असतील, तर इमेज बनवतानाच काहीतरी राहिलं. सिसप्रेपचं काम म्हणजे मूळ मशीनची ओळख पुसणं: तिचा सुरक्षा ओळख क्रमांक, तिच्या हार्डवेअरच्या नोंदी, तिचं नाव. ‘जनरलाइझ’वर खूण न करता चालवलेला सिसप्रेप वेगळ्या हार्डवेअरच्या कामाचा नाही.

मास्टर, म्हणजे इमेज काढायची ती मूळ मशीन, कशी बनवायची ते थोडक्यात. ताजं विंडोज टाका, आणि देश-भाषा विचारणारी पहिली स्क्रीन आली की कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबा. ऑडिट मोड उघडतो. नेटची वायर काढलेलीच ठेवा. ऑफिस, फॉन्ट, कीबोर्ड सगळं तिथेच, पेनड्राइव्हवरून टाका. मग ‘जनरलाइझ’, ‘ओओबीई’ आणि ‘शटडाउन’ निवडून सिसप्रेप.

नेट का नको, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर मागच्या मागे ॲप अपडेट करतं. अपडेट झालेलं ॲप त्या एका युजरपुरतं बसतं आणि सिसप्रेप अडतो. सिसप्रेपच्या फोल्डरमधल्या ‘पँथर’मध्ये ‘सेटअप-ॲक्ट’ नावाची लॉग फाइल असते, ती नोटपॅडने उघडून शेवटाकडून वर वाचत या. ‘वॉज इन्स्टॉल्ड फॉर अ युजर, बट नॉट प्रोव्हिजन्ड फॉर ऑल युजर्स’ असं वाक्य आणि त्यात त्या ॲपचं नाव सापडेल. पॉवरशेलमधून तेवढं ॲप काढा, पुन्हा चालवा. दुसरं नाव येईल, तेही काढा. मी एकदा ओळीने सहा काढली होती. लॉगमध्ये बिटलॉकरचा उल्लेख असेल तर सी ड्राइव्हचं एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

सिसप्रेपने मास्टर बंद झाली की ती तिच्या डिस्कवरून पुन्हा सुरू करायची नाही. सुरू केली की ती पहिल्या दिवसाच्या मशीनसारखी सेटअप पूर्ण करते, आणि पुसलेली ओळख नव्याने तयार होते. थेट पेनड्राइव्हवरून सुरू करून विम काढा. मी त्या वेळी पॉवर केबल काढून ठेवतो आणि बटणावर चिठ्ठी चिकटवतो, कारण लॅबमध्ये कुणी ना कुणी प्रेमाने मशीन चालू करतोच. सिसप्रेपच्या आधीची एक वेगळी इमेजही काढून ठेवा. सिसप्रेप अर्ध्यात फसला तर मास्टर हातची जाऊ शकते.

टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्यांची नेहमीची तक्रार असते की मास्टरवर मराठी कीबोर्ड लावला होता, पोरांच्या लॉगिनला तो येत नाही. कारण ती सेटिंग युजरची असते. अनअटेंड फाइलमध्ये (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) ‘कॉपी-प्रोफाइल’ खरं करा, म्हणजे मास्टरवरच्या सेटिंग नव्या प्रत्येक युजरला मिळतात. त्याच फाइलमध्ये ‘पर्सिस्ट-ऑल-डिव्हाइस-इन्स्टॉल्स’ असेल तर ते खोटंच ठेवा. ते फक्त एकसारख्या हार्डवेअरसाठी आहे. आणि ‘रिस्टार्टेड अनएक्स्पेक्टेडली’ची चौकट आली तर आधी संशय याच फाइलवर घ्या. त्या चौकटीवर शिफ्ट-एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. विंडोजमधल्या ‘पँथर’ फोल्डरात ‘सेटअप-एरर’ची फाइल वाचा, कोणत्या ओळीवर अडलं ते लिहिलेलं असतं.

वेळ असेल तर मास्टर खऱ्या मशीनवर न बनवता व्हर्च्युअल मशीनमध्ये बनवा. कुठल्याच कंपनीचे ड्रायव्हर आत जात नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स मात्र सिसप्रेपआधी काढा, आणि सिसप्रेपचा व्हीएम मोड वापरू नका.

पासवर्ड बरोबर, तरी शेअर उघडत नाही

जुने जाणकार सांगतात की सिसप्रेप नाही केला तरी काही बिघडत नाही. त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्याच मार्क रुसिनोविच यांनी, मशिनींच्या सारख्या ओळख क्रमांकाने काही अडत नाही असं मांडून, तो क्रमांक बदलणारं त्यांचं ‘न्यूएसआयडी’ हे साधन बंद केलं. पण आता दिवस बदललेत. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ मध्ये दोन मशिनींचा हा क्रमांक सारखा असेल तर एकमेकींत लॉगिन नाकारलं जातं. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हू-ॲम-आय’ला ‘युजर’ जोडून चालवा. लांब क्रमांकातला शेवटचा छोटा आकडा सोडून बाकी सगळं जुळलं, तर तुमची इमेज सिसप्रेपशिवाय काढलेली आहे. फायरवॉल आणि पासवर्डशी खेळत बसू नका. सिसप्रेप केलेली नवी इमेज हाच उपाय.

मास्टरमध्ये काय नसावं

हे बिघाडाच्या यादीत बसत नाही, पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका ठिकाणी मला बोलावलं तेव्हा आधीच कुणीतरी इमेज टाकून गेलं होतं. लॅबमधल्या मशीनचं डाउनलोड्स फोल्डर उघडलं, तर आत आधार कार्डांचे स्कॅन, सातबारे, बँक पासबुकांची पहिली पानं. एका सेवा केंद्राची रोजच्या कामाची मशीनच मास्टर म्हणून वापरली होती. आठवी-नववीची पोरं बसतात अशा बारा मशिनींवर गावातल्या शेतकऱ्यांची कागदपत्रं पसरली होती. एका सातबाऱ्यावरचं नाव माझ्या ओळखीच्या काकांचं होतं. मी बाराही डिस्क पुसून नव्याने केल्या आणि केंद्राच्या चालकांना समोर बसवून ती फोल्डरं दाखवली.

सिसप्रेप युजरच्या फाइली पुसत नाही. त्यामुळे कामाची मशीन कधीच मास्टर करू नका. डिजिटल सहीची प्रमाणपत्रं, ब्राउझरमधले जपलेले पासवर्ड, बोटांच्या ठशाच्या यंत्राची आरडी सेवा, यातलं काहीही इमेजमध्ये नको. ठशाचं यंत्र ज्या मशीनला जोडायचं तिथेच त्याचं सॉफ्टवेअर टाका.

लायसन्सचंही सांगतो. मशीनसोबत आलेलं विंडोज त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. एक इमेज अनेक मशिनींवर उतरवण्याचा हक्क व्हॉल्यूम लायसन्सने मिळतो. संस्थेकडे ते नसेल तर आधी घ्यायला लावा. ॲक्टिव्हेटर टाकलेली इमेज मी कुठेच उतरवत नाही. ज्या मशीनवर लोकांचे बँक व्यवहार होतात तिथे तर मुळीच नाही.

कुठे थांबायचं

बिटलॉकरची की मागितली आणि आतला डेटा हवा असेल, तर तिथेच हात काढा. आधी मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात की सापडते का बघा. न सापडल्यास डिस्क फॉर्मॅट करण्याचा निर्णय मालकाने लेखी द्यावा.

डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा-लाल शेरा असेल आणि डेटा महत्त्वाचा असेल, तर इमेज काढण्याचाही प्रयत्न करू नका. प्रत्येक वाचनागणिक ती आणखी खराब होते. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे, नागपूर किंवा अमरावतीला पाठवा.

बायोस अपडेट करणं हाच एक उपाय उरला असेल आणि खोलीत यूपीएस नसेल, तर करू नका. इमेज उतरवताना वीज गेली तर पुन्हा उतरवता येते. बायोस लिहिताना गेली तर बोर्डच जातो. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज केव्हा पडेल याचा नेम नसतो.

बायोसला पासवर्ड असेल, मशीन वॉरंटीत असेल, किंवा सरकारी खात्याने त्यांच्या डोमेनला जोडून दिलेली असेल, तर ती ज्यांनी दिली त्यांच्याकडेच परत. सेल बदलूनही तारीख रोज मागे जात असेल, किंवा विंडोजच्या मूळ पेनड्राइव्हवरून ताजं इन्स्टॉलही होत नसेल, तर बोर्डाची दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. तो प्रश्न इमेजचा राहिलेला नाही.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी चार फोटो काढून ठेवा: निळ्या स्क्रीनवरच्या कोडचा, मशीनच्या मागच्या स्टिकरवरच्या मॉडेलचा, बायोसमधल्या साटा मोडचा आणि बूट मोडचा. सोबत तो मशिनींचा कागद. एवढं असलं तर दारव्ह्याहून चाळीस किलोमीटर गाडी घेऊन यायचं की फोनवरच सांगून भागेल, ते मला पाच मिनिटांत कळतं.